सेराकोटच्या नव्या थरात अडकलेली ट्रिगर पिन आणि पितळी पंचांचा संच

टेक्सासमधील एका कारखान्यातून माझ्या एआर-15 रायफलच्या लोअर रिसीव्हरवर (ट्रिगर बसतो त्या खालच्या सांगाड्यावर) सेराकोटचा, म्हणजे सिरॅमिकयुक्त संरक्षक रंगाचा, नवा मातकट थर चढवून आणला आणि जुना ट्रिगर बदलायला घेतला, तेव्हा हॅमरची (ट्रिगर ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या भागाची) पिन पंचाच्या, म्हणजे पिन ढकलण्याच्या दांडीच्या, साध्या दाबाने सरकली, ट्रिगरची पिन मात्र जागची हलेना. त्या कामासाठी घेतलेल्या पितळी पंच, नायलॉन-पितळी हातोडी आणि आधाराचा ठोकळा अशा संचाबद्दल हे लिहीत आहे. अशा प्रसंगी घरातला पोलादी खिळा आणि लोखंडी हातोडी घेण्याचा मोह होतो आणि एका चुकलेल्या टोल्यात नव्या रंगाचा टवका उडतो.

पिन का अडकली, हे आधी समजून घेतले पाहिजे. सेराकोटच्या एच मालिकेचा थर साधारण 0.013 ते 0.025 मिलिमीटर जाडीचा असतो. तो छिद्राच्या आतल्या भिंतीवर बसला, तर व्यास दोन्ही बाजूंनी घटतो, म्हणजे जास्तीत जास्त 0.05 मिलिमीटर. सुमारे 3.9 मिलिमीटरची पिन ज्या छिद्रात जेमतेम मोकळी सरकते, तिथे एवढी घट पुरेशी होते. शिवाय हा लेप भट्टीत सुमारे 121 अंश सेल्सिअसला दोन तास भाजला जात असल्याने तो नखाने खरवडला जात नाही. रंगवण्यापूर्वी छिद्रांत बुचे बसवणे हे रंगवणाऱ्याचे काम होते, ते झाले नव्हते, आणि नंतर पिन दाबून बसवलेली होती.

मॅगझिन काढून, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून, अप्पर, म्हणजे रायफलचा वरचा भाग, वेगळा केला. हॅमर अंगठ्याने धरून सावकाश पुढे सोडला. रिकाम्या रिसीव्हरमध्ये तो आपटू देऊ नये, कारण पुढची अॅल्युमिनियमची भिंत त्याने खराब होते. हॅमर आधी काढणे महत्त्वाचे आहे. त्याच्या स्प्रिंगचे पाय ट्रिगरच्या पिनवर दाबून बसलेले असतात, त्यातला एक पिनच्या खाचेत अडकून तिला धरून ठेवतो, आणि तो तसाच ठेवून ठोकत राहिल्यास दोष लेपाचा की स्प्रिंगचा, हे कळतच नाही.

पिनच्या कडेला लेपाची बारीक कडी धरली होती. धारदार पात्याच्या टोकाने ती गोल कापून घेतली, नाहीतर पिनबरोबर भोवतालचा रंगही उचलला गेला असता. आत भेदक (बारीक फटीत झिरपणाऱ्या) तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवले. सकाळी छिद्राभोवती रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावली, पिन बाहेर पडायची बाजू ठोकळ्यातील भोकावर नेमकी आणली आणि 3.2 मिलिमीटरचा पितळी पंच सरळ धरून नायलॉनच्या तोंडाने हलके टोले दिले. तिसऱ्या टोल्याला आवाज बदलला, टणक ‘टक’ जाऊन किंचित भरीव झाला, आणि पिन केसभर सरकली. पुढे ती सहज निघाली. पट्टी काढल्यावर रंगावर ओरखडा नव्हता.

या संचात मला खरोखर आवडला तो ठोकळा. तो नायलॉनचा असल्याने रिसीव्हर त्यावर निर्धास्तपणे आडवा ठेवता येतो, आणि आधार भक्कम असला की टोल्याची ताकद पिनलाच मिळते. दोष दोन आहेत. सर्वांत बारीक पितळी पंच जोर लावताच वाकतो, आणि प्लास्टिकचे पंच टोकाला लवकर पसरतात, त्यामुळे अडकलेल्या पिनसाठी ते कुचकामी आहेत. पितळेचा पिवळट डाग क्वचित उरतो, पण तेलाच्या फडक्याने तो निघून जातो.

पिन निघाल्यावर छिद्र ड्रिलने मोकळे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याने अॅल्युमिनियमवरचा कडक अॅनोडाइजचा (विद्युत प्रक्रियेने बनवलेला संरक्षक) थर जातो, छिद्र सैल होते आणि पिन पुढे सरकू लागते. मी लाकडी काडीला 1000 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फक्त लेप उतरवला आणि दर दोन-चार फेऱ्यांनी नव्या ट्रिगरची पिन घालून पाहिली. आता ती अंगठ्याच्या दाबाने आत जाते आणि डोलत नाही.