केव्हीएमवर गेमिंग: वेग उत्तम, पण अँटी-चीटचा अडथळा

लिनक्सच्या केव्हीएममध्ये, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सोयीत, विंडोज बसवून ग्राफिक्स कार्ड थेट त्या व्हर्च्युअल मशीनकडे सोपवले, तर एकट्याने खेळायचे गेम जवळजवळ मूळ वेगाने चालतात, आणि एवढ्यासाठीच ही मोफत प्रणाली मला मनापासून आवडते. ऑनलाइन स्पर्धेत मात्र गाडी अडते. प्रोसेसरकडे चौकशी करताच ‘केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम’ अशी सही मिळते आणि अँटी-चीटला, म्हणजे गेममधली फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये खेळतोय हे कळते. २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंट या गेमचे व्हॅनगार्ड हे अँटी-चीट तर थेट कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, काम करते. ही सही लपवण्याच्या फंदात पडू नये, कारण त्यात खाते कायमचे बंद होऊ शकते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटची प्रोटॉनमध्ये, म्हणजे विंडोजचे गेम थेट लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात, २०२१ पासून सोय आहे, पण ती सुरू करणे गेमच्या निर्मात्याच्या हाती असते. तिने काम भागत नसेल, तर वेगळ्या एसएसडीवर विंडोज टाकून संगणक त्यावरूनच सुरू करावा.