कोपनहेगनहून आणलेल्या वस्तू, आठ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये आम्ही कोपनहेगनला चार रात्री होतो आणि त्यातला दीड दिवस मी दुकानांतच घालवला. येऊन आठ महिने झाले, मधे एक पावसाळाही गेला, त्यामुळे आता काय खरंच वापरात आहे ते नीट सांगता येईल म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त वापरल्या गेल्या त्या रॉयल कोपनहेगन कंपनीच्या निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या प्लेट्स. आमागेरतोर्व चौकात त्यांचं मोठं दुकान आहे, कंपनी १७७५ पासूनची, ही नक्षी अजून ब्रशने हाताने काढतात, आणि किंमत बघून मी हातातली प्लेट जपून जागेवर ठेवली. पण शनिवारी फ्रेडरिक्सबर्गच्या टाउन हॉलमागे जुना बाजार भरतो, एप्रिल ते ऑक्टोबर, तिथे एका आजींकडे त्याच नक्षीच्या चार खोलगट प्लेट्स मिळाल्या, १०० क्रोनरला एक, म्हणजे आपले साधारण तेराशे रुपये. प्लेटच्या मागे तीन निळ्या लाटा असतात, डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांची खूण, आणि त्या लाटांवरून आडवी चीर घासलेली असेल तर तो सेकंड क्वालिटीचा माल. आजींनी स्वतःच उलटी करून चीर दाखवली. दोष काय, तर एका पाकळीजवळ रंगाचा बारीक ठिपका. निळा रंग ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असल्यामुळे रोज घासूनही जरासुद्धा फिका पडलेला नाही, हळदीचा डाग धरत नाही, आणि खोलगट असल्याने वरणभात अगदी छान बसतो. सपाट डिनर प्लेट घेतली असती तर वरण सगळीकडे पसरलं असतं. टॉवेलमध्ये गुंडाळून हँडबॅगेत आणल्या, चारही सुखरूप.

दुसरी वस्तू म्हणजे स्टेल्टन या डॅनिश कंपनीचा थर्मास-जग, एरिक मॅग्नुसेनने १९७७ मध्ये डिझाइन केलेला. हा मात्र नवीन घेतला, इल्लुम्स बोलिगहुस या मोठ्या दुकानातून. ओतताना तिरका केला की बूच आपोआप उघडतं, सरळ केला की बंद, झाकण फिरवायचं कामच नाही. आईच्या बोटांना संधिवात आहे, थंडीत तिला साधं बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, ती आता रात्री उशाशी गरम पाणी भरून ठेवते आणि कुणालाही न उठवता स्वतः ओतून घेते. मला एवढ्यासाठीच पैसे वसूल वाटतात. फक्त आत काच आहे, त्यामुळे चमचा घालून ढवळायचं नाही, आणि आपला दुधाचा चहा मी दोनदा ठेवून बघितला, वास राहिला, तेव्हापासून पाणी आणि कोरी कॉफीच.

आता जे जमलं नाही ते. एका डिझाइनच्या दुकानातून ओकचा फिकट पाट घेतला होता, ब्रेड कापायला म्हणून. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागून बुरशी धरली, आणि कोथिंबीर-मिरचीबरोबर कुणीतरी ओली हळद चिरली त्याचा डाग अजून आहे. दुकानात कुणी बोललं नव्हतं की तेल देत राहावं लागतं. मग आईनेच जवसाचं तेल चोळून उन्हात न ठेवता सावलीत वाळवला, आता बरा आहे. मेणबत्तीचा पितळी स्टँड दिवाळीनंतर कपाटात गेला कारण आपल्याकडे पंखा चालू असतो, त्यांच्याकडच्या लांब अंधाऱ्या संध्याकाळींना ती गोष्ट शोभते.

टॅक्स रिफंडबद्दल एक सांगते, तिथे २५% टॅक्स आहे म्हणून २५% परत मिळतात असं समजू नका. तो मूळ किमतीवर असतो, म्हणजे लेबलवरच्या किमतीच्या २०%, त्यातून रिफंड कंपनीची फी जाते, हातात त्याहून कमीच येतं. एका दुकानात ३०० क्रोनरच्या वर खरेदी लागते, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी फॉर्मचं काम उरका, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. जुन्या बाजारात अर्थातच हे काही नसतं.

आईला आता अजून दोन खोलगट प्लेट्स हव्यात, सहा झाल्या की पाहुण्यांना पुरतील म्हणते. मावसभाऊ मे महिन्यात कामासाठी स्वीडनमधल्या मालमोला जातोय, तिथून पूल ओलांडून ट्रेनने कोपनहेगन पाऊण तासाच्या आतच आहे, त्याला शनिवार मोकळा ठेवायला सांगितलंय आणि लाटांवरच्या चिरेचा फोटोही पाठवून ठेवलाय.