छत महापालिकेचे, सोबत संस्थेची : एका बेघर निवारा केंद्राचे परीक्षण

रस्त्यावर, बसस्थानकात किंवा रुग्णालयाच्या आवारात राहणाऱ्या माणसांना निवारा केंद्रापर्यंत पोहोचवण्याचे काम आमचा एक छोटा गट करतो. त्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रातील एका महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राशी आमचा नित्याचा संबंध येतो. केंद्राची इमारत, वीज, पाणी आणि निधी महापालिकेचा. माणसे सांभाळण्याचे काम एका स्वयंसेवी संस्थेचे. आणि या दोघांना बांधणारा एक करारनामा, अशी तेथील व्यवस्था आहे. केंद्राचे व संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्यांचे मूळ कोणा एका व्यक्तीत नसून करारनाम्याच्या मसुद्यात आहे, आणि तशाच मसुद्यावर इतर शहरांतही केंद्रे चालतात.

ज्यांना अशा केंद्रांमागील योजनेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे ९ लाख ३८ हजार बेघर नोंदले गेले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 'शहरी बेघरांना निवारा' हा स्वतंत्र घटक आला. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय होईल असा कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा असलेला निवारा आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, हे सप्टेंबर २०२४ मध्ये मुदत संपलेल्या त्या अभियानाचे मापदंड होते. निवारा म्हणजे केवळ रात्रीची पथारी नव्हे, हेही त्यात स्पष्ट होते : रेशन, आरोग्यसेवा, ओळखपत्रे, बँक खाते आणि निवृत्तिवेतन योजना यांच्याशी तेथील माणसांना जोडून देणे अपेक्षित होते. तरीही अनेक राज्यांत निधी पडून राहिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून राज्याराज्यांतील निवाऱ्यांची पडताळणी करून घेतली.

आता प्रत्यक्ष केंद्राविषयी. इमारत दुमजली आहे. तळमजल्यावर पुरुषांचा कक्ष, वर स्त्रियांचा आणि त्याला स्वतंत्र जिना. लोखंडी खाटा, धुतलेल्या चादरी, प्रत्येकाला कुलपासह छोटे कपाट. स्वच्छतागृहे दिवसातून दोनदा धुतली जातात आणि ते वास्तव आहे, फलकापुरते नाही. रात्रीचे जेवण केंद्रातच शिजते. काळजीवाहक आठ-आठ तासांच्या पाळ्यांत असतात आणि मध्यरात्री माणूस घेऊन गेलो तरी दार उघडले नाही असे झालेले नाही. ज्यांनी अपरात्री एखाद्या आजीला रिक्षात बसवून तीन ठिकाणी नकार ऐकले आहेत, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

केंद्राचे खरे बळ मला तेथील नोंदवहीत दिसले. नाव, वय, गाव, कुठून आले, जवळची कागदपत्रे हे रकाने सगळीकडे असतात; येथे शेवटी 'कुठे गेले' असा एक रकाना आहे आणि तो भरलेला असतो. 'सांगोल्यास बहिणीकडे', 'खानावळीत काम, खोली घेतली', 'सिव्हिलमध्ये दाखल', 'ऊसतोडीला', आणि अधूनमधून प्रामाणिकपणे लिहिलेले 'माहीत नाही'. हा रकाना संस्थेने स्वतःहून जोडला आहे. महापालिकेला दरमहा जो तक्ता पाठवावा लागतो त्यात केवळ किती खाटा भरल्या हे विचारलेले असते. म्हणजे खाटेवर माणूस वर्षभर राहिला तर अहवाल चांगला, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहून निघून गेला तर खाट रिकामी, अहवाल वाईट. करारनाम्यात संस्थेच्या कामाचे मोजमाप जर याच तक्त्यावर ठरणार असेल, तर जी संस्था मनापासून काम करते तिचेच नुकसान होते, आणि हे बदलणे अजिबात खर्चाचे नाही.

करारनामा वाचण्याची संधी आम्हाला निवारा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निमंत्रित म्हणून मिळाली. जबाबदाऱ्यांची वाटणी त्यात आहे, पण ती जेथे नेमकी हवी तेथेच सैल आहे. 'किरकोळ दुरुस्ती संस्थेने व मोठी दुरुस्ती महापालिकेने करावी' असे कलम आहे. किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत, हे कुठेही नाही. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळाली तेव्हा संस्थेने ती मोठी दुरुस्ती ठरवून पत्र दिले, महापालिकेच्या विभागाने ती किरकोळ ठरवून पत्र परत पाठवले, आणि हा पत्रव्यवहार चालू असताना पायाला जखमा असलेली माणसे टँकरच्या पाण्याच्या बादल्या वर चढवत होती. अखेर एका दानशूर दुकानदाराने मोटर बसवून दिली. दुरुस्तीची रकमेची मर्यादा, कळवल्यापासून किती दिवसांत काम व्हावे याची मुदत, आणि मुदत उलटल्यास संस्थेने काम करून घेऊन देयकात खर्च लावण्याची मुभा, या तीन ओळी करारात असत्या तर हा प्रसंग ओढवला नसता.

निधीचे हप्ते हा दुसरा दुखरा भाग. हप्ता तिमाही आहे, परंतु देयक सादर झाल्यावर ते किती दिवसांत अदा करायचे याचे बंधन महापालिकेवर नाही; संस्थेवर मात्र अहवाल उशिरा दिल्यास दंड आहे. हप्ता लांबला की पहिला फटका काळजीवाहकांच्या पगाराला बसतो, अनुभवी माणसे सोडून जातात, आणि ज्या वृद्धाने मोठ्या मुश्किलीने एका काळजीवाहकाजवळ स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला होता तो नव्या माणसापुढे पुन्हा गप्प होतो.

सर्वांत गंभीर वाटते ते कलम माणसाला बाहेर काढण्याचे. नियमभंग करणाऱ्या निवासीस केंद्राबाहेर काढण्याचा अधिकार संस्थेला आहे. लेखी कारण, दाद मागण्याची सोय, पर्यायी व्यवस्था यांचा उल्लेख नाही. या केंद्रात हा अधिकार जपून वापरला जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण चांगुलपणावर विसंबलेला हक्क व्यवस्थापक बदलला की संपतो. छत आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि करारातही त्या वेगळ्याच राहायला हव्यात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली 'पाथवेज टू हाउसिंग' या संस्थेने मानसिक आजार असलेल्या बेघरांना आधी घर देण्याचे जे काम सुरू केले, त्यात उपचार घेणे ही घर टिकण्याची अट नव्हती. भाडेकरू म्हणून माणसाच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आणि सेवा घेण्या-न घेण्याचे त्याचे स्वातंत्र्य वेगळे ठेवले गेले. आपल्याकडचा निवारा म्हणजे भाड्याचे घर नव्हे, तरी समुपदेशनाला बसला नाही किंवा औषध घेतले नाही म्हणून रात्री कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागू नये, एवढे तरी करारात यायला काहीच अडचण नसावी. हिंसा झाल्यास काय करायचे, त्याची पद्धत स्वतंत्र आणि लेखी असावी.

रुग्णालयाशी कोणताही करार नाही, ही उणीव आम्हाला वारंवार जाणवते. अर्धांगवायूचा झटका आलेल्या एका काकांना सरकारी रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद हातात देऊन थेट केंद्राच्या दारात आणून ठेवले गेले. लघवीची नळी लावलेली, कागदावर औषधांची नावे, आणि नळी कधी बदलायची याविषयी एक शब्द नाही. काळजीवाहकाने त्या रात्री ओळखीच्या परिचारिकेला फोन करून विचारले आणि निभावून नेले. केंद्राकडे पाठवण्यापूर्वी एक फोन, पुढच्या तपासणीची तारीख, आणि अशा रुग्णाला सांभाळण्याची केंद्राची क्षमता आहे की नाही याची आधी खातरजमा, इतके महापालिका, रुग्णालय आणि संस्था या तिघांनी एका पानावर लिहून सह्या केल्या तरी पुरेसे आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत केंद्राचे काम उत्तम आहे. पत्ता नसलेल्या माणसाला आधार कार्ड मिळवण्यासाठी मान्यताप्राप्त निवारा गृहाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात चालते. व्यवस्थापक ते आठवडाभरात देतात आणि त्यानंतर बँक खात्यासाठी स्वतः सोबत जातात. मात्र यापूर्वी संस्था बदलली तेव्हा जुन्या संस्थेने नोंदवह्या आपल्यासोबत नेल्या आणि कित्येकांच्या अर्जांच्या पोचपावत्या त्यांत गेल्या. नोंदी कोणाच्या मालकीच्या, आजारपणाची माहिती कोणाला दाखवायची, करार संपताना हस्तांतरण कसे करायचे, याबाबत आजच्या करारातही मौन आहे. शिवाय मुदत एकाच वर्षाची. संस्थेचे शेवटचे काही महिने मुदतवाढीच्या फायलीमागे जातात.

एकूण पाहता सेवेला मी चांगले म्हणेन आणि कराराला अपुरे. मुदतवाढीचा विषय मार्चअखेर समितीपुढे येणार आहे, आणि समितीत निवाऱ्यात राहणाऱ्यांपैकी दोघांना जागा द्यावी अशी लेखी मागणी आमच्या गटाने केली आहे. तोपर्यंत कोणाला या किंवा अशा केंद्रात नेणार असाल तर माणसाची संमती घ्या, रुग्णालयाचे कागद व औषधे सोबत ठेवा, नोंद झाल्यावर तिची तारीख व क्रमांक लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी एकदा जाऊन त्यांना भेटा.