रात्री दीडला भुसावळ: ॲपची गाडी की ओळखीचे दादा?

पुण्यात रात्री अकराला ॲपवरून गाडी बोलावताना मला काही वाटत नाही. भुसावळला रात्री दीडला उतरून पंचवीसेक किलोमीटरवरच्या जळगावला जायचं असलं, की मात्र बोट ॲपवर थांबतं आणि आईने पाठवलेल्या, ओळखीच्या गाडीवाल्या दादांच्या नंबराकडे वळतं. दोन्ही गाड्यांनी बऱ्याचदा आले-गेले आहे, म्हणून लिहिते.

ॲपच्या गाडीत धीर येतो तो नोंदीमुळे. नाव, फोटो, गाडी नंबर, रस्ता, सगळं कुठेतरी उमटत असतं. ओटीपीमुळे नेमक्या गाडीत बसल्याची खात्री होते, लोकेशन घरी पाठवता येतं. दिल्लीत डिसेंबर २०१४ मध्ये उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला, त्यानंतर ॲपमध्ये आपत्कालीन बटण आलं.

पण गोम पुढेच आहे. एकदा गाडी आली आणि चालक म्हणाला, "मॅडम, कॅन्सल मारा, तेवढेच कॅश द्या." गाडी तीच, माणूस तोच. पण कॅन्सल मारलं की आपण कुठे, कोणाबरोबर निघालो, याचा ॲपला पत्ताच नाही. मी डिकीतून बॅग काढून घेतली.

दादांच्या गाडीत भरवसा वेगळा. "कोनी पोर शे तू?" इथून सुरुवात होते आणि साकेगाव यायच्या आत आमच्या मावशीचं सासर निघतं. वाकडं वागला तर उद्या गल्लीत तोंड दाखवायचंय, हीच त्याची ओटीपी. आईबाबांसाठी मी डोळे झाकून दादाच सांगेन. ते बॅगा उंबऱ्यापर्यंत आणून देतात.

फक्त ओळखीपायी दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. एक, नंबरप्लेट. पांढरी असली तर गाडी खासगी. भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळी प्लेट बघूनच ठरवा. दुसरी, झोप. लग्नसराईत दिवसभर वऱ्हाड वाहिलेला माणूस रात्री महामार्गावर आपल्याला नेतो. आपण चालकाची नियत तपासतो, डोळे नाही. (ॲपवालाही किती तास जागा आहे, ते स्क्रीनवर दिसत नाहीच.)

काळी-पिवळी शेअर गाडीत चार माणसांची सोबत असते, पण अपरात्री ती भरेपर्यंत उजाडेल.

गावात ओळख नसलेल्या एकटीने ॲपच घ्यावं; फक्त कॅन्सल मारायचं नाही आणि ११२ हाताशी ठेवायचा. माहेर इथलं असेल तर दादा, पण गाडीचा फोटो आधी घरी पाठवून.

आणि मागच्या सीटचा पट्टा कुठल्याही गाडीत मागा. मागच्या खेपेला मी मागितला, तर दादांनी सीट कव्हर उपसलं. बकलाबरोबर शेंगांची टरफलं निघाली.

"आजपावत कोनी मांगंच नही, माय."