बेकरलूची लाल गाडी एरंडवण्यात बनवून घेतली, त्याचा अनुभव

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन नोव्हेंबरात होतं आणि त्यांना काय द्यायचं यावर घरात दोन महिने चर्चा चालली होती. शाल, चांदीची वाटी वगैरे सगळं भावानं घेतलंच, पण मला त्यांना किलबर्न पार्क स्टेशन द्यायचं होतं, म्हणजे त्याचं छोटं मॉडेल. बाबा बँकेच्या पोस्टिंगवर १९८३ च्या सुरुवातीपासून १९८६ पर्यंत लंडनला होते, मी तेव्हा नऊ वर्षांची, आम्ही किलबर्नला राहायचो आणि रोजचं जाणंयेणं बेकरलू लाइनच्या लाल ट्यूबनं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेनं. ती गाडी म्हणजे १९३८ स्टॉक, १९३८ पासूनच्या बनावटीची, आम्ही बसायचो तेव्हाच तिची पंचेचाळिशी झालेली.

तर एरंडवण्यात एक छोटं वर्कशॉप आहे, दोघंच जण चालवतात. मुख्य काम बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांची स्केल मॉडेल्स, पण सांगितलं तर रेल्वेचे डायोरामा, म्हणजे आजूबाजूच्या देखाव्यासकट मॉडेल्स, पण करतात. नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय कारण आधीच्याच ऑर्डरी रखडल्यात, ज्यांना खरंच करून घ्यायचंय त्यांनी मेसेज करा, नंबर देते.

आधी हे सांगते की १९३८ स्टॉकचं तयार मॉडेल मिळतं, ईएफई रेल या कंपनीचं, ओओ स्केलमध्ये. पण मला नुसती गाडी नको होती, मला वर लाल टाइल्सचं स्टेशन, मधे जिना आणि खाली प्लॅटफॉर्मला लागलेली गाडी असं सगळं एकत्र हवं होतं, ते कुठे तयार मिळणार. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये बाबांना मी तीनदा नेलंय, त्यांना फार आवडतं, आणि दर वेळी बाहेर पडताना ते म्हणायचे, आपली ट्यूब पण अशी कुणीतरी करायला हवी. तिथनंच हे डोक्यात होतं.

पहिल्या मीटिंगला मी बाबांच्या अल्बममधले चौदा फोटो घेऊन गेले आणि दीड तास बोलतच होते. तो मुलगा, असेल पस्तिशीचा, ऐकत होता आणि वहीत लिहीत होता, पण दर दोन वाक्यांनी एकच विचारायचा, "ताई, हे तुम्हाला आठवतंय का फोटोत दिसतंय?" आठवतंय म्हटलं की पेन्सिलनं लिहायचा, फोटोत आहे म्हटलं की पेननं. मला पहिल्यांदा थोडं लागलं ते, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही की काय असं वाटलं. पण या वर्कशॉपकडे जा असं मी जे सांगतेय ना ते त्या पेन्सिलमुळेच.

उदाहरण देते. मी ठामपणे सांगितलं होतं की डब्यात पांढरा लख्ख उजेड असायचा, ट्यूबलाइटचा. त्यानं पेन्सिलनं लिहून घेतलं आणि चार दिवसांनी फोन केला, म्हणाला डब्यातला फोटो बघा, सगळा नारिंगी आलाय, आणि प्लॅटफॉर्मवरचा हिरवट आलाय. त्या काळची साधी कलर फिल्म उन्हासाठी बनवलेली असायची, ती बल्बच्या उजेडात नारिंगी पडायची आणि ट्यूबलाइटखाली हिरवी. म्हणजे डब्यात बल्ब होते. आणि खरंच होते, १९३८ स्टॉकमध्ये काचेच्या शेडमध्ये साधे बल्बच असायचे, मी जो पांढरा उजेड आठवत होते तो चंदेरी गाडीतला, जी आम्ही रविवारी डॉलिस हिलला जाताना ज्युबिली लाइनवर पकडायचो. चाळीस वर्षं माझ्या डोक्यात दोन गाड्यांची सरमिसळ होऊन बसली होती आणि मला पत्ताच नाही. मग त्यानं वर्कशॉपचे दिवे घालवून डब्याच्या रिकाम्या सांगाड्यात आधी पांढरा एलईडी लावून दाखवला, मग पिवळसर. पिवळसर लावल्यावर मला एकदम त्या लाकडी जमिनीचा वास आठवला. डब्याची जमीन खाचाखाचांच्या लाकडी पट्ट्यांची होती आणि त्या खाचांत सिगारेटची थोटकं अडकलेली असायची, गाड्यांमधलं सिगारेट ओढणं बंद झालं जुलै १९८४ मध्ये, त्यामुळे आमची पहिली दीड वर्षं तशीच गेली. ही जमीन त्यानं आईस्क्रीमच्या काड्यांपेक्षा पातळ व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, कापून केलीय, खिडकीतून डोकावलं तर खाचा दिसतात. थोटकं नाही केली, मी पण मागितली नाहीत.

आता स्केलबद्दल, कारण करून घ्यायचं तर हे माहीत हवं. ओओ म्हणजे १:७६, चार मिलिमीटरला एक फूट. डबा साधारण एकवीस सेंटिमीटर येतो आणि उंची अडतीस मिलिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्यापेक्षा कमी. ट्यूबची गाडी मुळातच बुटकी, कारण बोगदाच साधारण साडेतीन मीटर व्यासाचा, आणि म्हणूनच १९३८ स्टॉकची एवढी कौतुकं, त्यांनी मोटरची सगळी यंत्रणा डब्याच्या जमिनीखाली बसवली आणि आधीच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या मागे जी अख्खी खोली यंत्रांना जायची ती जागा माणसांना बसायला मिळाली. पूर्ण सात डब्यांची गाडी केली असती तर जवळपास दीड मीटर लांब झाली असती, ती ठेवणार कुठे, म्हणून तीन डबे दाखवलेत आणि पुढचे बोगद्यात शिरलेत असं केलंय. ही आयडिया त्यांची. वरचं स्टेशन आणि खालचा प्लॅटफॉर्म यांच्यातली खोली मात्र स्केलमध्ये नाही, तसं केलं असतं तर शोकेस कपाटाएवढी झाली असती, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

वरच्या इमारतीवर मी अगदी फिदा आहे. किलबर्न पार्क उघडलं ३१ जानेवारी १९१५ ला, पहिलं महायुद्ध चालू असताना. बाहेरून ते गडद लाल चकचकीत टाइल्सचं, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं, मोठ्या कमानी असलेलं. (शेजारचं मायडा व्हेल त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झालं, पुरुष युद्धावर गेलेले म्हणून ते पूर्ण बायकांनी चालवलं होतं, आई हे आम्हाला दर वेळी तिथून जाताना सांगायची.) तर तो चकचकीतपणा साध्या रंगानं येईना, दोन सॅम्पल मी नापास केली, शेवटी त्यांनी गडद लाल रंगावर नेलपॉलिशचे पारदर्शक हात दिले, एकावर एक पाच, आणि दर हाताच्या मध्ये घासून घेतलं. आता त्यावर खिडकीतलं ऊन पडलं की अगदी पाऊस पडून गेल्यावरचं स्टेशन वाटतं.

चुका पण सांगते, कारण झाल्या. ऑगस्टमध्ये मी बघायला गेले तर रुळांच्या बाजूला एकच जादा रूळ होता. लंडनच्या ट्यूबला चार रूळ असतात, दोन चाकांचे, एक बाहेरच्या बाजूला पॉझिटिव्ह आणि एक बरोबर मधोमध निगेटिव्ह. बोगदे ओतीव लोखंडाचे, करंट परत जाताना त्यात आणि जमिनीतल्या पाइपांत शिरून लोखंड खाऊ नये म्हणून परतीला वेगळा चौथा रूळ. त्यानं कोलकाता मेट्रोचे फोटो बघून तीनच केले होते, आणि आपल्या पुणे मेट्रोला तर वरून तार, त्यामुळे सवयच नाही आपल्याला. हे मी फोटो दिले होते त्यात दिसत होतं, म्हणजे पेननं लिहायची गोष्ट होती आणि तीच सुटली. वाद घातला नाही त्यानं, लगेच मधली पट्टी टाकून दिली, पण त्यासाठी चिकटवलेला प्लॅटफॉर्म उचकटावा लागला आणि एका कडेला जोड दिसतो, नीट बघितलं तर.

दुसरं म्हणजे बोगद्याची कमान. पहिली एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची केली, जुलैच्या पावसात ती फुगली आणि फुटली, मग अॅक्रिलिकची केली, यात तीन आठवडे गेले. आठ आठवडे म्हणाले होते ते पंधरा झाले. मी सहस्रचंद्रदर्शनाची तारीख मुद्दाम महिनाभर आधीची सांगितली होती म्हणून निभावलं. पावसाळ्यात ऑर्डर देणार असाल तर एमडीएफ नको हे आधीच लिहून घ्या.

पैसे साडेअठरा हजार झाले, त्यात काचेची पेटी आणि लाइट धरून. कमी नाहीत. पण दोन माणसांचं जवळजवळ चार महिन्यांचं लक्ष त्यात आहे, मला जास्त वाटले नाहीत. डिलिव्हरी नाहीये, आपणच न्यायचं, मी रिक्षानं मांडीवर घेऊन आले, म्हात्रे पुलावर रिक्षावाल्या दादांनी स्वतःहून हळू घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे गेल्यावर रात्री नऊला ते बाबांच्या पुढे ठेवलं आणि हॉलचे दिवे बंद केले. बाबांना आता कमी दिसतं, ते भिंग घेऊन बसले. स्टेशनकडे त्यांनी फार बघितलंच नाही. थेट शेवटच्या डब्याच्या शेवटच्या दारावर भिंग धरलं आणि म्हणाले, "इथे गार्ड उभा असायचा."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. त्या गाड्यांना मागच्या डब्यात गार्ड असायचा, वेगळ्या केबिनमध्ये नाही तर डब्याच्या टोकाला माणसांतच उभा, दारं उघडायची-मिटायची बटणं त्याच्याकडे. बाबा ऑक्सफर्ड सर्कसला जायला मुद्दाम त्याच डब्यात चढायचे कारण तिथला एक गार्ड बार्बाडोसचा होता आणि त्याला क्रिकेटचं वेड. लंडन ट्रान्सपोर्टनं १९५६ पासून बार्बाडोसला जाऊन माणसं भरती केली होती, त्यातलेच एक ते. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर आपण वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवलं, तो शनिवार होता. सोमवारी सकाळी बाबा चढले तर त्या गार्डनं काही न बोलता त्यांच्याशी हात मिळवला आणि दारं बंद केली, आणि मग ऑक्सफर्ड सर्कसपर्यंत दोघंही बोलले नाहीत. एवढं सगळं बाबांनी त्या रात्री सांगितलं, घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही सांगितलं नव्हतं म्हणे.

बेकरलूवरच्या या गाड्या नोव्हेंबर १९८५ मध्ये गेल्या, आम्ही तेव्हा तिथेच होतो. त्यातल्या काही पुढे इंग्लंडच्या दक्षिणेच्या आइल ऑफ वाइट बेटावर गेल्या कारण तिथला राइड गावचा बोगदा बुटका, मोठी गाडी मावत नाही, आणि तिथे त्या जानेवारी २०२१ पर्यंत धावल्या. बाबांना हे मी सांगितलं तर ते म्हणाले मग आपण गेलो का नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला फोन केला, गार्ड हवाय म्हणून. बावीस-तेवीस मिलिमीटरचा माणूस, गडद युनिफॉर्म, उजवा हात पुढे केलेला. त्यानं विचारलं, आठवतंय का फोटोत आहे. बाबांना आठवतंय, म्हटलं. पेन्सिलनं लिहितो म्हणाला, चारशे रुपये होतील, दोन आठवडे लागतील. आला की फोटो टाकते.