ई-कचरा केंद्रातले जुने संगणक: दोन वर्षांच्या अनुभवावरून एक परीक्षण

ई-कचरा केंद्रात पोहोचलेल्या संगणकाच्या हाती फार थोडे दिवस असतात. प्रथम त्याची हार्ड डिस्क काढून नष्ट केली जाते, मग तांब्यासाठी वायरी कापल्या जातात, मौल्यवान धातूंसाठी सर्किट बोर्ड वेगळे काढले जातात आणि उरलेले पत्रे व प्लॅस्टिक श्रेडरमध्ये जाते. जुने संगणक दुरुस्त करून पुन्हा चालते करणाऱ्यांना अशा केंद्राचा उपयोग व्हायचा असेल, तर या क्रमात एक थांबा असावा लागतो. गाडीतून उतरलेले यंत्र तोडणीच्या टेबलावर जाण्याआधी कोणीतरी ते ओळखून बाजूला ठेवले पाहिजे. गेली दोन वर्षे मी ज्या केंद्रात नियमित जातो तिथे हा थांबा आहे, आणि त्यामुळेच त्यांच्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

या केंद्राची पद्धत साधी आहे. विसाव्या शतकातले वाटेल असे कोणतेही यंत्र तिथले कामगार अखंड स्थितीत एका मांडणीवर ठेवतात, आपल्यासारख्यांना ते हाताळू देतात आणि वजनावर विकतात. यंत्र उघडून पाहण्यास त्यांची हरकत नसते, आणि माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी सोय आहे, कारण जुन्या संगणकाची खरी अवस्था बाहेरून कळत नाही. पिवळे पडलेले प्लॅस्टिक मी दोष मानत नाही. ज्वालारोधक म्हणून एबीएस प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त संयुगांमुळे आणि अतिनील किरणांमुळे ते बहुधा पिवळे पडते, आणि त्याने यंत्राचे काही बिघडत नाही. मी पेटीच्या हवेच्या फटींतून आतला वास घेतो, बॅटरीच्या आसपास हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसते का ते विजेरीने पाहतो, आणि स्क्रू कोणी जबरदस्तीने फिरवले आहेत का ते तपासतो. हार्ड डिस्क मात्र हे केंद्र कोणालाही देत नाही. सुरुवातीला मला याचे वाईट वाटले होते, पण आधीच्या मालकाची पत्रे आणि हिशेब त्या डिस्कवर असू शकतात, तेव्हा त्यांचा नियम योग्यच आहे.

याच मांडणीवर मला अॅपलचा मॅकिंटॉश एसई/३० हा संगणक मिळाला. १९८९ साली आलेले हे यंत्र मला त्या घडणीच्या सर्व मॅकिंटॉशमध्ये श्रेष्ठ वाटते: नऊ इंची कृष्णधवल पडदा असलेली छोटी पेटी, पण आत १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि मेमरीसाठी आठ खाचा. केंद्रातल्या एका कामगाराने ते उचलताना हँडल धरून सरळ उभे ठेवले होते, उपडे टाकले नव्हते. ही गोष्ट लहान वाटेल, पण या यंत्रात पिक्चर ट्यूबची काचेची मान अगदी मागे, उघड्यावर असते आणि एखादा धक्का बसला की ती तडकते. मान तडकली की ट्यूबमध्ये हवा शिरते आणि ती कायमची निकामी होते. मांडणीवर येणाऱ्या जुन्या मॅकिंटॉशपैकी कितीतरी याच एका कारणाने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

घरी आणल्यावर मी ते चालू केले नाही. हँडलखालच्या खोल भोकांतले स्क्रू लांब दांड्याच्या टॉर्क्स-१५ पेचकसाने काढले, पडद्याच्या अॅनोडला अडकून राहिलेला कित्येक हजार व्होल्टचा विद्युतभार जमिनीशी जोडलेल्या तारेने उतरवला आणि मदरबोर्ड बाहेर काढला. ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी सुदैवाने फुटलेली नव्हती. फुटते तेव्हा ती बोर्ड आणि पत्र्याची चौकट दोन्ही खाऊन टाकते. खरा प्रश्न कॅपॅसिटरांचा, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या लहान भागांचा होता. या बोर्डावर ४७ मायक्रोफॅरडचे, अॅल्युमिनियमच्या लहान डब्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आहेत, आणि काळाच्या ओघात त्यांच्या बुडातून द्रव झिरपून आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खातो. भिंगाखाली पाहिले तेव्हा आवाजाच्या आयसीजवळचे पाय काळवंडलेले होते, सोल्डरची चकाकी गेली होती आणि एका कॅपॅसिटरभोवती बोर्ड ओलसर चिकट होता. सोल्डरिंग आयर्नचे टोक तिथे टेकवताच माशासारखा वास आला. या कामातल्या प्रत्येकाला तो वास ओळखीचा असतो आणि द्रव गळल्याची ती खात्रीची खूण असते.

सर्व कॅपॅसिटर काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. गळालेल्या द्रवाने बोर्डाचे पॅड, म्हणजे सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके, आधीच सैल झालेले असतात, त्यामुळे ओढाताण केली की पॅडच उखडून येतो. माझाही एक उखडला, आणि तो केसाएवढ्या जाडीच्या तारेने पुढच्या रेषेला जोडावा लागला. बोर्ड आधी पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवला आणि नवे टँटॅलम कॅपॅसिटर बसवले. इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते: जुन्या इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, तर टँटॅलमवरची पट्टी धन टोक. पट्टी पाहून पट्टीच्या जागी बसवले तर टँटॅलम पहिल्याच वेळी पेटतो. चालू केल्यावर पडद्यावर आडव्या पट्ट्यांची झेब्र्यासारखी नक्षी दिसली, जी या मॉडेलच्या बिघाडांत नेहमी दिसते. माझ्या यंत्रात तिचे कारण शेवटी अगदी किरकोळ निघाले: रॉमची, म्हणजे सुरुवातीचा प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीची, पट्टी तिच्या खाचेत नीट टेकत नव्हती. तिचे संपर्कबिंदू पुसून ती पुन्हा बसवली, आणि यंत्राने सूर काढून मध्यभागी लुकलुकणाऱ्या प्रश्नचिन्हाची फ्लॉपी दाखवली, म्हणजे आता त्याला फक्त डिस्क हवी होती.

हार्ड डिस्कच्या जागी मी एसडी कार्ड वापरणारा ब्लूस्कझी नावाचा छोटा बोर्ड लावला. फ्लॉपी ड्राइव्हमधले वंगण सुकून मेणासारखे झाले होते, त्यामुळे फ्लॉपी बाहेर पडत नव्हती. ते खरवडून नवे लावले. कीबोर्डाची वायर मात्र केंद्रातच कापलेली होती. सुदैवाने हा कीबोर्ड वायर वेगळी होणारा होता आणि या मॅकिंटॉशची चार पिनांची जोडणी एस-व्हिडिओच्या वायरीसारखीच असते, म्हणून अडगळीतली व्हिडिओची वायर लावून काम भागले. आयबीएमच्या १९८१ च्या मूळ पीसीच्या कीबोर्डाची वायर अशी कापली गेली असती, तर ती आतून नवी जोडण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आता तक्रारीकडे येतो. हे केंद्र ‘तपासलेले’ म्हणून काही यंत्रांवर चिठ्ठी लावते, आणि ही तपासणी म्हणजे यंत्र सरळ विजेला जोडून बटण दाबणे. मी त्यांना अनेकदा सांगितले आहे की वीस-तीस वर्षे बंद असलेल्या यंत्राचे याहून मोठे नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. १९८० च्या दशकातल्या अनेक पॉवर सप्लायमध्ये मेटलाइज्ड कागदाचे पारदर्शक पिवळे कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला बारीक चिरा पडून ओलावा आत शिरतो, आणि वीज मिळताच ते फुटून खोलीभर धूर करतात. ते निदान दिसते तरी. कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाचे नुकसान न दिसता होते. त्याचा काळा, आतून राळेने भरलेला पॉवर सप्लाय जुना झाला की ५ व्होल्टच्या जागी अधिक व्होल्ट देऊ लागतो आणि संगणकाच्या मेमरी चिप जाळतो. अशाच एका ‘तपासलेल्या’ कमोडोरला घरी उघडल्यावर मेमरीच्या दोन चिप हाताला चटका देण्याइतक्या तापत होत्या. सप्लायवर मल्टिमीटर लावला तर सहा व्होल्टच्या वर आकडा होता. कोणी आधी अर्धे मिनिट हे मोजले असते, तर ते यंत्र वाचले असते.

दुसरी तक्रार साठवणीची. मांडणी भरली की उरलेली यंत्रे आवारात ताडपत्रीखाली ठेवतात, आणि तिथल्या ओलाव्यात ३८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसींचे बोर्ड फार लवकर संपतात. त्यांच्यावरची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिचा अल्क द्रव रेषांवर पसरतो. पातळ व्हिनेगरने तो उदासीन करता येतो, पण रेषा गेलेली असेल तर नुसत्या धुण्याने ती परत येत नाही. असे दोन बोर्ड मी सोडून दिले आहेत.

तरीही मी या केंद्राची शिफारस करतो, पण ती सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर हाताळता येणाऱ्यांसाठी. चालता संगणक घेऊन घरी जायचे असेल, तर इथे येऊ नये. गेल्या भेटीत मी व्यवस्थापकांना दोन गोष्टी सुचवल्या: चिठ्ठीवर ‘तपासलेले’ऐवजी ‘वीज दिलेली नाही’ असे लिहावे, आणि आवारात नेण्याआधी प्रत्येक बोर्डावरची बॅटरी पकडीने कापून काढावी. पहिली अजून झालेली नाही. दुसऱ्यासाठी मांडणीच्या कडेला आता एक पकड दोरीने बांधून ठेवली आहे, आणि तिच्याखालच्या बरणीत कापलेल्या बॅटऱ्या जमू लागल्या आहेत.