सोलर स्टिलचा टेरी टॉवेल काळा करायचा: काजळीने की ग्राफीनने?

सोलर स्टिल म्हणजे उन्हाने पाण्याची वाफ करून ती काचेवर पुन्हा पाणी म्हणून धरणारी पेटी. तिच्यातल्या शोषकाला, म्हणजे पाण्यावर ठेवलेल्या काळ्या कापडाला, तीनच कामं: ऊन खाणं, पाणी वर ओढणं आणि उष्णता खालच्या पाण्यात उतरू न देणं. तिसरं काम एक इंच जाडीचा थर्माकोल करतो. दुसऱ्यासाठी सोलापुरात लांब जायला नको, टेरी टॉवेल आहेच. राहिलं काळं करणं. त्याला दोन रस्ते: कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनलेली काजळी, नाहीतर क्षपित (बराचसा ऑक्सिजन काढून घेतलेलं) ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे आरजीओ.

ऊन शोषण्यात दोघांत निवडायला फारसं काही नाही. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचा, एक थर प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो, पण धाग्यावर असे कितीतरी थर बसतात आणि टॉवेलच्या लूपांत शिरलेला प्रकाश सहसा बाहेर येत नाही. काजळीचंही तेच. शिवाय वरची मर्यादा दोघांना सारखीच. चौरस मीटरवर १ किलोवॅट ऊन धरलं तर तासाला ३६०० किलोज्यूल मिळतात, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० लागतात. म्हणजे सगळं जमून आलं तरी दीड किलो. काचेवरचं नुकसान धरलं की त्याहून कमीच. तेव्हा जास्त काळं कोण, या वादात वेळ घालवू नये.

टॉवेलची तयारी दोन्हीकडे एकच, आणि निम्मे प्रयोग इथेच फसतात. कोऱ्या टॉवेलवर सायझिंगची (विणण्याआधी धाग्याला लावलेली) कांजी असते, काहींवर सॉफ्टनर. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी डिटर्जंट पावडर घालून अर्धा तास उकळा, मग चांगलं खळबळून वाळवा. वरून टाकलेला थेंब एक-दोन सेकंदांत जिरला पाहिजे. गोळी होऊन बसला तर पुन्हा उकळा.

काजळीचं काम दुपारभरात उरकतं. ती पाण्यात मिसळत नाही, म्हणून थोडा साबण घालून घोटायची, टॉवेल बुडवायचा, वाळवायचा. स्वस्त, आणि हाताशी ॲसिड नको.

आरजीओला आठवडा द्यावा लागतो. १ ग्रॅम ग्राफाइटला १२० मिली सल्फ्युरिक आणि १३ मिली फॉस्फोरिक ॲसिड, त्यात ६ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट बर्फात ठेवलेल्या भांड्यात चिमूट-चिमूट. मग ५० अंशांवर १२ तास ढवळणं. ५५ च्या वर जाऊ देऊ नका, परमँगनेटपासून बनणारं मँगनीज हेप्टॉक्साइड तिथे स्फोटक होतं. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, त्यामुळे थर्मामीटर भांड्यातच हवा. थंड झाल्यावर बर्फावर ओता, १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. रंग सोनेरी पिवळा झाला की ऑक्सिडीकरण नीट झालं.

त्यानंतरची धुलाई मात्र जीव काढते. सुरुवातीलाच साध्या पाण्याने धुतलं तर जीओ, म्हणजे अजून क्षपण न झालेलं ग्राफीन ऑक्साइड, फुगून त्याची जेली होते, फिल्टर तुंबतो आणि मँगनीज आतच राहतं. आधी पातळ हायड्रोक्लोरिकने दोन-तीनदा, मग पाण्याने, दर वेळी सेंट्रिफ्यूज. धुण्याचं पाणी चुन्याने उदासीन केल्याशिवाय मोरीत सोडू नये. पुढचं सोपं: मिलीला २ मिलिग्रॅम जीओचं द्रावण, टॉवेल वीस मिनिटं बुडवून ६० अंशांवर वाळवायचा, असं तीनदा. १० बाय १० सेंटिमीटरचा साडेचार ग्रॅमचा तुकडा चौपट पाणी पितो असं धरलं, तर एका बुडीत साधारण ३६ मिलिग्रॅम बसतं. शेवटी जीओच्या दसपट ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या (व्हिटॅमिन सी) पाण्यात ९० ते ९५ अंशांवर तासभर. तपकिरी रंग काळा होतो. क्षपणासाठी हायड्राझिनच्या वाटेला जाऊ नये. ते विषारी आहे, आणि क्षपण जास्त झालं की धागा पाणी ओढायचं सोडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर बोअरच्या पाण्यात आहे. साधं मीठ टॉवेलवर साचलं तरी रात्री विरघळून खाली उतरतं. आपल्याकडचं जड पाणी तसं नाही. तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि लूपांच्या टोकांवर पांढरी खरपुडी धरते. ती रात्रीत जात नाही. काळ्या टॉवेलवर पांढरा थर म्हणजे ऊन परत फेकणं, शिवाय लूपांची तोंडं बंद. मग दर आठ-दहा दिवसांनी लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवायचं, फेस थांबेपर्यंत थांबायचं आणि हाताने चोळायचं.

काजळी हरते ती या चोळण्यात. तिचे कण धाग्यावर नुसते टेकलेले असतात. तीन-चार धुण्यांत टॉवेल करडा पडतो आणि काळं पाणी मूळ टाकीत उतरतं. पीव्हीए नावाच्या डिंकाने चिकटवली तर टिकते, पण त्याने धाग्यांमधल्या वाटा बुजतात आणि टॉवेलच्या कडा कोरड्या पडतात. जीओचं तसं नाही. त्याचे पापुद्रे कापसाच्या हायड्रॉक्सिल गटांना धरून धाग्याभोवती गुंडाळले जातात, क्षपणानंतर आणखी घट्ट बसतात.

नळाच्या पाण्यावर किंवा पंधरा दिवसांच्या प्रदर्शनापुरतं करायचं असेल तर काजळी पुरे, उगाच ॲसिड हाताळू नये. पण उन्हाळाभर बोअरवर चालवायचं असेल, तर मी धुलाईचा तो आठवडा सोसेन. आरजीओच्या पहिल्या दोन धुण्यांचं पाणी किंचित काळं येईल, त्याला घाबरू नका. तिसऱ्यालाही आलं तर बहुधा दोन बुड्यांच्या मधे टॉवेल पुरता वाळवलेला नसतो.